क्रूझवर मद्यपी प्रवाशांचा त्रास झाला तर दाद कोणाकडे मागावी?

सातरस्ता_शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूरची रहिवासी असून बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवून आता निवृत्त झाले आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक सहलीची आखणी यंदा माझ्याकडे आहे. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर ही जवळची ठिकाणे सगळ्यांची कितीतरी वेळा झालेली असल्याने बावीसपैकी सतरा सभासदांनी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची मागणी केली आहे. यांतील बहुतेकांनी समुद्र पाहिला आहे तो किनाऱ्यावर उभे राहून. चहूकडे पाणी आणि वर आभाळ, असे एकदा तरी पाहावे ही त्यांची इच्छा मला मनापासून पटते. तरीही पैसे भरण्याआधी मी थांबले आहे, आणि त्याला कारण आहे गेल्या वर्षी आमच्या घरच्यांना आलेला अनुभव.

आम्ही पाच जण गेलो होतो : मी, आमचे हे, मुलगा, सून आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. जहाजाचे व कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नसून पुढच्या वेळी काय करावे हे समजून घ्यायचे आहे. पहिला दिवस छान गेला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरलो, दुपारी बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर सामानाची तपासणी झाली, जहाज सुटण्याआधी लाइफ जॅकेटची कवायत झाली, आणि मुंबईचे दिवे मागे पडत असताना सासूबाई तासभर कठड्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र एकसारखे टी-शर्ट घातलेला पंचवीस-तीस पुरुषांचा एक गट पोहण्याच्या तलावाभोवती पीत बसला आणि संध्याकाळपर्यंत बायकामुलांना त्या डेकवर जाणे नकोसे झाले. हातात ग्लास घेऊन लिफ्टमध्ये शिरणे, अनोळखी बायकांना नाचायला ओढू पाहणे, वेटरच्या खांद्यावर हात टाकून त्याला शिव्या देणे हे सगळे उघडपणे चालले होते. माझी सून जिना उतरत असताना त्यांच्यातील दोघे तिची वाट अडवून जे काही बोलले, ते मी येथे लिहू शकत नाही.

त्या रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या केबिनच्या दारावर धडका बसू लागल्या. बाहेरचा माणूस आपले कार्ड आमच्या कुलपाला पुन्हा पुन्हा लावत होता. प्रत्येक वेळी कुलपातून बारीक ‘टिक्’ असा आवाज येई आणि पाठोपाठ दारावर लाथ बसे. त्याला ती त्याचीच केबिन वाटत असावी. सासूबाई आमच्याच केबिनमध्ये होत्या. पाय वर घेऊन, घरून नेलेली चादर हनुवटीपर्यंत ओढून त्या पलंगाच्या कोपऱ्यात बसल्या होत्या आणि ‘दार उघडू नको गं, उघडू नको’ एवढेच म्हणत होत्या. मी केबिनमधल्या फोनवरून रिसेप्शनला फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही, दुसऱ्यांदा ‘माणूस पाठवतो’ असे उत्तर मिळाले, आणि सुरक्षा कर्मचारी येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. तोवर तो माणूस पॅसेजमध्येच उलटी करून निघून गेला होता. सकाळी सहाला मी दार उघडले, तेव्हा एक कर्मचारी मुलगा हातमोजे घालून, गुडघ्यांवर बसून, गालिच्यावर पांढरी भुकटी टाकून ती जागा घासत होता. त्याने मान वर करून ‘सॉरी, मॅडम’ म्हटले. त्या मुलाला माफी मागावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

घरी परतल्यावर आम्ही कंपनीला सविस्तर ई-मेल पाठवला. त्या रात्रीची अशी कोणतीही घटना आमच्या नोंदीत आढळत नाही, असे उत्तर आले.

जहाजावर पोलीस ठाणे नसते. मग अशा वेळी नेमके कोणाला सांगायचे आणि सांगितल्याचा पुरावा कसा ठेवायचा? किनाऱ्यापासून दूर असताना आपले कायदे लागू होतात का? आणि सतरा ज्येष्ठांना घेऊन जाण्याआधी कंपनीला कोणते प्रश्न विचारावेत? ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

डेक_नऊ

ताई, नमस्कार. मीही सोलापूरचाच. २००९ पासून मार्च २०२० मध्ये करोनामुळे जहाजे थांबेपर्यंत मी परदेशी क्रूझ जहाजांवर होतो. आधी बार वेटर म्हणून आणि पुढे बारटेंडर म्हणून. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पॅसेज घासणाऱ्या त्या मुलाच्या जागी सुरुवातीच्या दिवसांत मीही बसलेलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कंपनीने तुम्हाला खोटेच उत्तर दिले असेल असे नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. रात्रपाळीत रिसेप्शनला आलेला फोन पुष्कळदा फोनच राहतो. त्याची ‘घटना’ व्हायची असेल, तर सुरक्षा विभागाने लेखी अहवाल करावा लागतो. सुरक्षा कर्मचारी पोहोचला आणि पॅसेज रिकामा दिसला, की तो वायरलेसवर ‘काही नाही’ असे कळवून पुढच्या फेरीला जातो, कारण त्याच वेळी वरच्या डेकवर दुसरे काहीतरी चाललेले असते. उलटीचे मात्र तसे नसते. जहाजावर कोणतीही उलटी ही आधी नोरोव्हायरसच्या (उलट्या-जुलाब झपाट्याने पसरवणाऱ्या विषाणूच्या) संसर्गाची शंका धरूनच हाताळतात, म्हणून ती भुकटी आणि ते हातमोजे. तेव्हा त्या जागेची सफाई झाल्याचे कुठेतरी लिहिले गेले असण्याचा संभव मोठा आहे. तुमच्या दारावर कोणी लाथा मारल्या, हे लिहिले गेले नाही.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की रिसेप्शनला फोन केल्यावर ‘त्रास होतोय’ एवढे सांगून फोन ठेवू नये. फोन घेणाऱ्याचे नाव विचारावे, घड्याळातली वेळ मोठ्याने सांगावी, आणि ‘ड्यूटीवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पाठवा, मला लेखी तक्रार द्यायची आहे’ असे स्पष्ट म्हणावे. ‘लेखी’ हा शब्द ऐकला की समोरच्या माणसाला पुढची पायरी चढावीच लागते. त्यानंतर त्याच रात्री, जहाजाच्या वाय-फायवरून किंवा बंदर जवळ आल्यावर मोबाइलवरून, कंपनीला चार ओळींचा ई-मेल पाठवावा, म्हणजे तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते. त्यात पॅसेजमधील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती आवर्जून करावी, कारण ते चित्रण कायम राहत नाही. काही काळाने जुन्यावर नवे चढते. तुम्ही घरी पोहोचून, थोडे सावरून ई-मेल लिहिला असेल, तोवर ते बहुधा पुसले गेले असेल.

दुसरी गोष्ट फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनचे कुलूप ज्या कार्डाने उघडते, त्याच कार्डावर प्रत्येक पेय नोंदले जाते. कोणत्या माणसाने कोणत्या बारवर किती वाजता कितवा ग्लास घेतला, हे सगळे जहाजाच्या संगणकात असते. ‘तो प्यायला होता हे आम्हाला कसे कळणार’ असे कोणी म्हणाले, तर हे लक्षात ठेवावे. त्या माणसाने तुमच्या कुलपाला लावलेल्या चुकीच्या कार्डाचीही नोंद अनेक जहाजांवरील कुलपे ठेवतात, आणि सुरक्षा अधिकारी ती काढून पाहू शकतो. पण कोणी मागितली, तरच.

आता पिण्याबद्दल. माणूस वाईट असतो म्हणून जहाजावर धिंगाणा होतो, असे मला अकरा वर्षांत फारसे दिसले नाही. धिंगाण्याचे मूळ पॅकेजमध्ये असते. एकदा ठरावीक रक्कम भरली की दिवसभर हवे तेवढे प्या, अशी ती योजना, आणि कित्येक कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने ती घेतली, तर दुसऱ्यालाही घ्यावी लागते. मग न पिणाऱ्यालाही पैसे वसूल करावेसे वाटतात. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजमध्ये चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांची मर्यादा आहे. ही मर्यादा आहे हे चांगलेच, पण पंधरा हा आकडा किती मोठा आहे, याचाही विचार करावा. बारटेंडरला नकार देण्याचा अधिकार असतो आणि त्याचे प्रशिक्षणही दिलेले असते : डोळे, बोलण्याची लय, ग्लास ठेवताना हाताचा अंदाज चुकणे, हे आम्हाला पाहायला शिकवले जाई. नकार दिल्यावर तो माणूस मित्राला पाठवतो किंवा दुसऱ्या डेकवरच्या बारकडे जातो. शिवाय विक्री किती झाली याचा हिशेब आमच्या साहेबांकडे रोज असे, आणि आमच्या पगाराचा मोठा हिस्सा प्रवाशांच्या खुशीवर अवलंबून असे. या दोन्ही गोष्टींच्या मध्ये उभे राहून ‘साहेब, आता पुरे’ म्हणायला धैर्य लागते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

कॅप्टनला मात्र मोठे अधिकार असतात. तो मद्य बंद करू शकतो, माणसाला केबिनमध्येच राहण्याचा हुकूम देऊन दाराशी पहारा बसवू शकतो, बंद खोलीत ठेवू शकतो, आणि पुढच्या बंदरात स्वखर्चाने उतरायला लावू शकतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये मेलबर्नहून दहा दिवसांच्या सफरीवर निघालेल्या ‘कार्निव्हल लेजंड’ जहाजावर मारामाऱ्या इतक्या विकोपाला गेल्या, की जहाज ऑस्ट्रेलियातील ईडन या लहान बंदराकडे वळवून तेवीस जणांना उतरवण्यात आले. त्या गटाविषयी आपण आधीपासून तक्रारी करत होतो, असे प्रवाशांनी नंतर पत्रकारांना सांगितले होते. जून २०२२ मध्ये ‘कार्निव्हल मॅजिक’ न्यूयॉर्कला परतत असताना रात्री नाइट क्लबमध्ये मोठी मारामारी झाली आणि अमेरिकी तटरक्षक दलाची बोट जहाजासोबत बंदरापर्यंत आली. म्हणजे अधिकार वापरले जातात, परंतु पुष्कळदा हातघाईवर आल्यानंतर. दुपारी तीन वाजता तलावाभोवती जे चालले होते, तेव्हाच पाच कुटुंबांनी सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली असती, तर रात्री एक चाळीसला तुमचे दार वाजले नसते, असे मला खरेच वाटते. यात तुमची चूक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. प्रवाशाला हे कोणी सांगितलेलेच नसते.

पार्कचौक_वकील

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. कायद्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

जहाज ज्या देशात नोंदलेले असते, त्या देशाचा कायदा खुल्या समुद्रात त्या जहाजावर चालतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे हे मूलभूत तत्त्व आहे. मुंबईहून सुटणारे जहाज भारतीयच असेल असे समजू नये. जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीच्या बंदराचे नाव रंगवलेले असते. तेथे नासाऊ लिहिले असेल तर ते बहामाचे, व्हॅलेटा असेल तर माल्टाचे. चढण्यापूर्वी धक्क्यावरून त्याचा एक फोटो काढून ठेवावा.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत, आपला प्रादेशिक समुद्र आहे. तेथून जाणाऱ्या परदेशी जहाजावरील गुन्ह्यात किनारी देशाने सहसा हात घालू नये, असे त्याच कराराचे सत्ताविसावे कलम म्हणते. पण गुन्ह्याचा परिणाम किनारी देशावर होत असेल, त्या देशाची शांतता भंगत असेल किंवा कॅप्टनने स्वतः मदत मागितली असेल, तर तो घालू शकतो.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा दुसराच आहे. भारतीय नागरिकाने जगात कोठेही केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागू होते, आणि भारतात नोंदलेल्या जहाजावर तर गुन्हा करणारा कोणत्याही देशाचा असला तरी लागू होते. त्यामुळे त्रास देणारा भारतीय असेल, तर ‘समुद्रात घडले, आम्ही काय करणार’ हे उत्तर स्वीकारू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. मुंबईत उतरल्यावर बंदर परिमंडळातील यलो गेट पोलीस ठाणे गाठणे सर्वांत सोयीचे, परंतु तेवढे त्राण उरले नसेल तर सोलापुरात येऊन सदर बझार पोलीस ठाण्यातही ती नोंदवता येते. गुन्हा भारताबाहेर घडलेला मानला गेला, तर खटला चालवण्याआधी केंद्र सरकारची मंजुरी लागते. एफआयआर नोंदवण्यासाठी आणि तपासासाठी ती आधी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या संदर्भात स्पष्ट केले आहे.

कलमांविषयी एक गोष्ट मला तळमळीने सांगावीशी वाटते. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी उपद्रव देण्याबद्दल न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये जास्तीत जास्त चोवीस तासांची साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा एवढीच शिक्षा आहे. तक्रार ‘दारुड्याने त्रास दिला’ अशी लिहिली, की ती या कलमाखाली जाऊन तेथेच संपते. तुमच्या सुनेची वाट अडवून तिला उद्देशून अश्लील बोलणे हा त्यापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे. त्याला लैंगिक छळाचे कलम ७५ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दांनी अवमान करण्याचे कलम ७९ लागते, तसेच वाट अडवण्याचे कलम १२६ आहे. म्हणून तक्रारीत तो किती प्यायला होता याला दुय्यम स्थान द्यावे आणि त्याने प्रत्यक्ष काय केले, कोणते शब्द उच्चारले, हे संकोच न करता जसेच्या तसे लिहावे. सुनेला ते लिहिणे जड जाईल याची मला कल्पना आहे. घरातील कोणीतरी शेजारी बसून तिला वेळ द्यावा.

कंपनीविरुद्ध सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची सोय या कायद्याने दिली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. ताई, गेल्या वर्षीची घटना म्हणजे तुमची मुदत अजून संपलेली नाही. तुमच्या केबिनचा क्रमांक, तिकीट आणि कंपनीचे ते ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर एकत्र ठेवा. ते उत्तर तुमच्या विरुद्ध नाही. दोनदा फोन करूनही नोंद ठेवली गेली नाही, हीच त्रुटी आहे असे मांडता येईल.

विमानाच्या बाबतीत आपल्याकडे २०१७ पासून नियम आहे : गैरवर्तनाच्या तीन पातळ्या ठरवून तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत किंवा दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ प्रवासबंदी घालता येते, आणि बंदी घातलेल्यांची यादी ठेवली जाते. जहाजांसाठी सर्व कंपन्यांना बांधील अशी यादी आपल्याकडे नाही. एका जहाजाने उतरवलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर तिकीट काढू शकतो. हे बदलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशोकचौक_यंत्रमाग

मी दुसऱ्या बाजूच्या बाकावरून लिहितो आहे, कारण तलावाभोवती बसलेल्या गटांपैकी एका गटात मी होतो. ताईंच्या जहाजावर नव्हे, आमची सफर निराळी होती. पण वागणे फार निराळे नव्हते, आणि ते लपवून येथे सल्ला देणे मला बरे वाटणार नाही.

आम्ही चौदा जण शाळेपासूनचे मित्र. कोणाचे टॉवेलचे कारखाने, कोणाचे सुताचे दुकान, एक जण सरकारी नोकरीत. सोलापुरात आम्ही चारचौघांत जपून वागतो, कारण रस्त्यात दर दहा पावलांवर ओळखीचे कोणीतरी भेटते. वडिलांचे मित्र, सासरचे पाहुणे, बँकेतले साहेब. जहाजावर ओळखणारे कोणीच नव्हते. पैसे आगाऊ भरलेले होते. सकाळी अकराला पहिली बिअर हातात आली, तेव्हा आमच्यातील एक जण म्हणाला, ‘आता तीन दिवस कोणी विचारणारं नाही.’ ते वाक्य त्या दिवशी आम्हा सगळ्यांना फार आवडले होते, आणि आज ते आठवले की माझी मान खाली जाते.

दुसऱ्या रात्री गाणे बदलण्यावरून आमच्यातील एकाने गाणी लावणाऱ्या मुलाचा हात पिरगळला. सुरक्षा विभागाचे दोघे आले, त्यांनी शांतपणे त्याचे कार्ड मागून घेतले आणि त्याचे मद्य बंद केले. आम्ही काय केले? आमच्या कार्डांवर त्याला पाजले. डेक_नऊ यांनी जे लिहिले आहे, ते अक्षरशः आमचेच वर्णन आहे. तासाभराने तो बाहेरच्या डेकवर कठड्याच्या खालच्या आडव्या दांडीवर पाय ठेवून चढला आणि वाकून पाण्याकडे पाहू लागला. मी त्याचा पट्टा मागून धरला, तेव्हा माझ्या हाताला त्याचे सगळे वजन पुढच्या बाजूला गेलेले जाणवले. खाली नुसता काळोख आणि पाण्याचा आवाज होता. एवढे मोठे जहाज वेगात असताना जागच्या जागी थांबत नाही, आणि रात्री पाण्यात पडलेला माणूस सापडणे किती कठीण असते, हे मी नंतर वाचले. त्याच्या दोन मुली माझ्या मुलीच्या वर्गात आहेत.

त्यानंतरही आमचा गट सहलीला जातो. आता दोन जण एक थेंबही घेत नाहीत, पाळीपाळीने, आणि कोणी थांबवले तर थांबायचे असे आधीच ठरलेले असते. एकाने दुसऱ्याच्या कार्डावर घ्यायचे नाही, हाही नियम आहे. ताई, तुमच्या सासूबाईंच्या दाराबाहेर जो माणूस होता, तो आमच्यापैकीही कोणी असू शकला असता. त्याच्या वतीने क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही, पण माझ्या वाट्याची मी मागतो.

सातरस्ता_शिक्षिका

आपण तिघांनीही इतक्या सविस्तर लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. वकीलसाहेब, सुनेशी मी आज दुपारी बोलले. आतापर्यंत तिने ते शब्द माझ्या मुलालाही सांगितले नव्हते. ती लिहिणार आहे. अशोकचौक, आपण हे येथे लिहिलेत, यासाठी लागणारे धैर्य मी जाणते.

दोन शंका उरल्या आहेत. दारावर कोणी धडका देत असताना ज्येष्ठांनी नेमके काय करावे? आणि केबिन निवडताना काही काळजी घेता येते का?

होटगीरोड_डॉक्टर

पहिल्या शंकेबाबत वैद्यकीय बाजूने थोडे. दार उघडू नये, आतून समजूत घालण्याच्या फंदातही पडू नये. नशेतील माणूस आवाजाला प्रतिसाद देतो आणि आवाज चढवतो. मात्र पॅसेजमध्ये तो पडल्याचा आवाज आला आणि नंतर शांतता झाली, तर फोनवर ‘माणूस बेशुद्ध पडला आहे’ असे सांगावे, म्हणजे सुरक्षेबरोबर वैद्यकीय पथकही येते. उताणा पडलेला माणूस उलटी श्वासनलिकेत जाऊन दगावू शकतो. मदतीला आलेल्यांनी त्याला आधी कुशीवर वळवावे. काळी कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी नशा लवकर उतरत नाही. यकृत साधारण एका लहान पेगचे मद्य तासाभरात निकामी करते, त्यापेक्षा वेगाने नाही.

आपल्या गटासाठी एक वेगळी सूचना. बोट लागू नये म्हणून आपल्याकडे अ‍ॅव्होमिनची गोळी सर्रास घेतात. तिने झोप येते आणि तोल जातो. तिच्यावर मद्य घेतल्यास दोन्ही दुपटीने जाणवते. संघातील काही काका रात्री एखादा पेग घेत असतील तर त्यात मी नाक खुपसणार नाही, पण त्या दिवशी ही गोळी नको, आणि रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे.

डेक_नऊ

केबिनविषयी. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात, आणि तलाव, नाइट क्लब व मोठ्या जिन्यांपासून अंतरही राहते. लिफ्टला लागून असलेली केबिन नको, कारण रात्री सगळी वर्दळ तिथूनच जाते. सगळ्या केबिन एका रांगेत मागा. दाराला बाहेरचा माणूस आतून पाहता येईल असे भिंग आहे का, हे विचारा : अमेरिकी बंदरांतून जाणाऱ्या जहाजांना २०१० च्या कायद्याने दाराला भिंग आणि किमान बेचाळीस इंच उंचीचा कठडा सक्तीचा केला आहे, आपल्याकडे येणारी काही जहाजे पूर्वी तिकडे चालत असत, त्यामुळे भिंग असण्याचा संभव असतो. आणि शुक्रवारी निघून रविवारी परतणारी दोन रात्रींची फेरी टाळा. ती बहुतांशी पार्टीसाठीच घेतली जाते. आठवड्याच्या मधली, शाळेच्या परीक्षांच्या दिवसांतली फेरी घेतली, तर तेच जहाज वेगळे वाटेल.

कंपनीला विचारायचे प्रश्न मी कमीच ठेवीन. रात्री सुरक्षा विभागाचा थेट फोन क्रमांक आहे की रिसेप्शनमार्फतच जावे लागते. घटनेच्या अहवालाची प्रत किंवा निदान क्रमांक प्रवाशाला देतात का. पंचवीसहून मोठा गट त्याच फेरीला आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते देतीलच असे नाही, परंतु विचारल्यावर समोरचा माणूस किती वेळ गप्प राहतो, त्यावरूनही बरेच कळते.

सातरस्ता_शिक्षिका

आज तिन्ही प्रश्न दोन एजंटांना लेखी पाठवले. एकाने थेट क्रमांक दिला आणि अहवालाचा क्रमांक मिळतो असे ई-मेलवर कळवले. दुसऱ्याने ‘मॅडम, तुम्ही काळजी करू नका’ एवढेच लिहिले. पहिल्याकडे मंगळवारी निघणाऱ्या फेरीची चौकशी चालू आहे. सासूबाईंना मी न विचारता वगळले होते, पण त्यांनीच विचारले की त्यांचे तिकीट का काढले नाही.

सभासदांना वाटण्यासाठी तक्रारीचा एक मराठी नमुना तयार करते आहे, म्हणजे रात्री घाबरलेल्या माणसाला शब्द शोधावे लागणार नाहीत. रकाने असे ठेवले आहेत : दिनांक, वेळ, डेक, केबिन क्रमांक, काय घडले, कोणी पाहिले, कोणाला कळवले. आणखी काही हवे असल्यास सांगावे.

डेक_नऊ

‘कोणाला कळवले’ याचे दोन रकाने करा. फोन घेणाऱ्याचे नाव वेगळे, आणि प्रत्यक्ष दाराशी आलेल्या माणसाचे वेगळे. त्याच्या शर्टावर नावाची पट्टी असते. तो किती वाजता आला हेही तिथेच लिहायला सांगा.